अछिपूरचा चिनी साखरवाला

साखरेवाचून आपला एकही सण जात नाही. संक्रांतीला तिळावर पाकाचे काटे चढवून हलवा करायचा, पाडव्याला गुढीला गाठी बांधायच्या आणि आपल्या खानदेशात तर होळीला लहान मुलांच्या गळ्यात साखरेचा हार नि हातात साखरेचे कंगण घालायचे. लग्नाची बोलणी संपली की साखरपुडा आणि शुभ बोलणाऱ्याच्या तोंडात साखर! अशी ही घरची वस्तू. पण तिचे हिंदी नाव ‘चीनी’ आहे. धुळे-जळगावच्या बाजारात मराठी, हिंदी, अहिराणी, गुजराती अशा साऱ्या बोली एकत्र नांदतात, त्यामुळे ‘दो किलो चीनी’ हे शब्द आपल्या कानांवर नेहमीच पडतात. मी शाळेत शिकवीत असताना मुली हमखास विचारीत, “बाई, साखर चीनची आहे का हो?” त्या प्रश्नाचे उत्तर शोधता शोधता मला जो एक माणूस भेटला, त्याची हकीकत मंडळाच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेत सांगावी असे मनात आले.

प्रथम साखरेची वंशावळ पाहू. उसाचा रस आटवून त्याचे रवाळ खडे करण्याची विद्या मूळची भारतातील. आपल्या संस्कृत ‘शर्करा’ शब्दावरूनच फारसीतला ‘शकर’ आणि अरबीतला ‘सुक्कर’ झाला, आणि तेथून युरोपातल्या भाषांनी तो उचलला. ह्युएन त्संग हा चिनी यात्रेकरू आपल्या महाराष्ट्रात दुसऱ्या पुलकेशीच्या राज्यात येऊन गेला, हे आपण शाळेत शिकलो आहोत. तो इ. स. ६४५ मध्ये मायदेशी परतला. पुढे दोनच वर्षांनी, म्हणजे ६४७ साली, चीनच्या ताइझोंग बादशहाने साखर करण्याची कृती शिकून यावी म्हणून मगध देशाकडे माणसे पाठविली, अशी नोंद चिनी इतिहासात आहे. म्हणजे या विद्येत आपण गुरू आणि चीन शिष्य!

शिष्याने मात्र विद्या पुढे नेली. आपल्याकडे खांडसरी करणारे लोक ओल्या साखरेवर पाण्यातले शेवाळ पसरीत. त्याचा ओलावा हळूहळू खाली झिरपे, तांबडी मळी निथळून जाई आणि वरची साखर उजळे. चिनी कारागिरांनी शेवाळाऐवजी पिवळ्या मातीचा चिखल वापरला. निमुळत्या मडक्यात साखर भरायची, तळाशी भोक ठेवायचे आणि वर चिखलाचा थर द्यायचा. मळी खाली उतरते आणि वर पांढरी साखर राहते. १६३७ साली छापलेल्या चीनमधल्या एका प्रसिद्ध उद्योगविषयक ग्रंथात ही रीत दिलेली आहे. एका घरी साखरेच्या भांड्यावर मातीची भिंत कोसळली आणि साखर पांढरी झाली, तेव्हापासून ही युक्ती सापडली, अशी तिकडे एक लोककथाही सांगतात. खरे-खोटे काहीही असो. पांढऱ्या साखरेच्या बाबतीत चीनचे नाव झाले, आणि आपल्याकडे गूळ तो गूळ आणि शुभ्र ती ‘चीनी’ असा शब्द रूढ झाला.

आता त्या माणसाकडे वळू. इंग्रजी कागदपत्रांत त्याचे नाव टाँग अच्यू असे येते. चिनी लोक त्याला यांग दाझाओ म्हणून ओळखतात. भारतात येऊन कायमची वस्ती करणाऱ्या आधुनिक काळातील चिनी लोकांत त्याचा मान पहिला. १७७८ च्या सुमारास तो बंगालमध्ये हुगळी नदीच्या काठी उतरला आणि ईस्ट इंडिया कंपनीचा गव्हर्नर जनरल वॉरन हेस्टिंग्ज याच्याकडे त्याने जमिनीसाठी अर्ज केला. ऊस लावतो, साखरेचा कारखाना काढतो, माझ्या देशाची माणसे आणून वसवितो, असे त्याचे म्हणणे होते.

हेस्टिंग्ज हे नाव आपल्याला परके नाही. हाच तो नाना फडणीस आणि महादजी शिंदे यांच्याशी झुंजणारा हेस्टिंग्ज. १७७९ च्या जानेवारीत वडगावला इंग्रजांची नाचक्की झाली, तेव्हा त्याने उत्तरेतून धाडलेली कर्नल गॉडर्डची फौज बऱ्हाणपुरास येऊन पोचली होती आणि तेथून ती सुरतेकडे गेली. म्हणजे तिकडे हुगळीच्या काठी अच्यू उसाची बेणी लावीत होता, त्याच सुमारास त्याच गव्हर्नरची फौज आपल्या तापीच्या मुलखातून दौडत होती. इतिहासाची दोन पाने आपण वेगवेगळी वाचतो. पण ती एकाच वहीतली असतात.

हेस्टिंग्जने एका परक्या माणसाचे म्हणणे का मानले? १७७० च्या दुष्काळात बंगालची अपरिमित हानी झाली होती. सुमारे एक तृतीयांश लोक दगावले असा अंदाज तेव्हाच्या इंग्रज अधिकाऱ्यांनीच केला होता. जमिनी ओस पडल्या होत्या आणि कंपनीला तर वसूल हवा होता. शिवाय कंपनी चीनमधून चहा विकत घेत असे आणि त्याच्या मोबदल्यात तिला रोख चांदी मोजावी लागे. विकण्याजोगा माल वाढविण्याची तिला निकड होती. अशा वेळी साखर करणारा कसबी माणूस आपण होऊन दारी आला, तर कोण नको म्हणेल? बजबज गावाच्या खालच्या बाजूस नदीकाठची ६५० बिघे जमीन, म्हणजे सुमारे २१५ एकर, वर्षाला ४५ रुपये खंडाने त्याला मिळाली. लोककथा मात्र अधिक रंगतदार आहे. सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत घोड्यावरून जेवढी जमीन फिरशील तेवढी तुझी, असे साहेब त्याला म्हणाला आणि अच्यूने घोडा पिटाळला, असे तिकडचे लोक सांगतात. कथेत घोडा असतो आणि दप्तरात खंडाचा आकडा असतो. दोन्ही आपापल्या जागी गोड आहेत.

अच्यूने ११० चिनी मजूर आणले असे सांगितले जाते. ज्या बायांनी गुऱ्हाळ पाहिले आहे, त्यांना या कामाची कल्पना सहज येईल. उसाला तोडल्यावर दम नसतो. तो लगेच घाण्यात गेला पाहिजे, नाहीतर रस आंबतो. घाण्याला बैल, चुलाणात चिपाडाचा जाळ, काहिलीत उकळता रस, वरची मळी काढण्याची घाई, आणि पाक कधी उतरवायचा हे नुसत्या नजरेने ओळखणारा गुळव्या. त्याची नजर चुकली तर साऱ्या आधणाचे वाटोळे. दक्षिण चीनमध्ये दोन उभ्या लाटांचा घाणा असे, त्याला रेडे जुंपीत. जाळ, धूर आणि जागरण मात्र सगळीकडे सारखे. शिवाय हुगळीच्या काठची दमट हवा, हिवताप आणि भोवताली बोली न समजणारे लोक. घर सोडून समुद्र ओलांडून आलेल्या मजुरांनी या जागी ऊस उभा केला, कारखाना चालविला आणि बंगालमध्ये पहिली चिनी वसाहत वसली.

येथपर्यंतची हकीकत उद्योगी माणसाच्या यशाची आहे. आता पुढची ऐका.

१७८१ साली अच्यूने सरकारकडे तक्रार केली, की माझी माणसे पळून जातात. कलकत्त्यात जहाजांवरून उतरून राहिलेले दुसरे चिनी लोक त्यांना फूस लावतात. ही माणसे करारावर आणलेली होती. सरकारने तक्रारीची दखल घेतली आणि नोव्हेंबर १७८१ मध्ये जाहीर नोटीस काढली: अच्यूच्या देखरेखीखालील चिनी वसाहतीस सरकारचे उत्तेजन व संरक्षण आहे, तेथील माणसांना जो कोणी फितवील त्याला शासन होईल.

ही नोटीस मी वाचली तेव्हा मला अच्यूची कीव आली आणि पळालेल्यांचीही आली. अच्यूची अडचण खरी होती. भांडवल घातलेले, जमीन घेतलेली, ऊस तोडणीला आलेला आणि माणसे नाहीत! पण ती माणसे पळत होती ती कोठे? कलकत्त्याला. तेथे सुतारकाम होते, जहाजावरची कामे होती, आपला हात आणि आपली मजुरी यांचा हिशेब आपणच करता येत होता. चोरी करून कोणी पळत नव्हते. आपले श्रम दुसरीकडे नेत होते. तरी सरकारच्या लेखी तो अपराध ठरला. मालकाला अर्ज करता येत होता, त्याच्या अर्जावर नोटीस निघत होती. मजुराचा अर्ज म्हणजे त्याचे पाय!

या प्रसंगानंतर अच्यू फार दिवस जगला नाही. १७८३ साली तो वारला. मरताना त्याच्यावर कंपनीचे देणे होते. कारखाना पुढे कसाबसा चालला आणि १८०४ साली अछिपूरची मिळकत, इमारती, भट्ट्या व साखरेच्या घाण्यांसकट, विक्रीस असल्याची जाहिरात कलकत्त्याच्या वर्तमानपत्रात आली. पाव शतकात सारा खेळ आटोपला.

पण नाव उरले. त्या गावाला आजही अछिपूर म्हणतात. नदीकाठी घोड्याच्या नालाच्या आकाराची, लाल रंगाची त्याची समाधी आहे. जवळच एक लहानसे चिनी देऊळ आहे. त्यात भूमीचा देव आणि भूमीची देवी अशी जोडी आहे आणि आसपासचे बंगाली लोक त्यांना ‘खुदा-खुदी’ म्हणतात. चिनी नववर्षानंतर, साधारणपणे फेब्रुवारीत, कलकत्त्याचे चिनी लोक येथे येतात, उदबत्त्या व लाल मेणबत्त्या लावतात, नैवेद्य दाखवितात आणि अच्यूच्या समाधीला नमस्कार करून जातात. आपण शेताच्या बांधावर म्हसोबाला नारळ वाहतो, त्यातलाच हा भाव. दैवत चिनी, नाव मुसलमानी थाटाचे आणि गाव बंगाली! माणसे पोटासाठी एकत्र आली की देवसुद्धा एकमेकांची नावे घेतात.

अच्यूच्या कारखान्यातून जे पांगले आणि त्यांच्यामागून जे आले, त्यांची कलकत्त्यात वस्ती झाली. १८३७ च्या शिरगणतीत तेथे ३६२ चिनी लोकांची नोंद आहे. पुढे त्यांच्यातले कोणी सुतार झाले, कोणी जोडे शिवू लागले, कोणी दात बसविणारे झाले. हक्का जमातीच्या चिन्यांनी तांग्रा भागात चामडे कमावण्याचे कारखाने काढले. जे काम आपल्याकडे जातीच्या नावाने हलके मानले गेले, ते त्यांनी उद्योग म्हणून वाढविले. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने प्रदूषणाच्या कारणावरून ते कारखाने शहराबाहेर हलविण्याचा हुकूम दिला, तोवर ते तेथे भरभराटीत चालले होते.

बंगाल दूर वाटत असेल, तर आपल्या महाराष्ट्राकडे येऊ. आपल्यापैकी पुष्कळ जणी सहलीला महाबळेश्वरला जाऊन आल्या असतील. तेथे ‘चायनामन्स फॉल’ नावाचा एक धबधबा आहे. हा चायनामन कोण, याची चौकशी फारशी कोणी करीत नाही. एकोणिसाव्या शतकात इंग्रज सरकार हिंदुस्थानातले कैदी काळ्या पाण्यावर सिंगापूर, पेनांग, मलाक्का येथे पाठवी आणि तिकडचे चिनी व मलायी कैदी इकडे आणी. महाबळेश्वरला त्यांच्यासाठी तुरुंग होता. या चिनी कैद्यांनी तेथे भाजीपाल्याचे मळे केले, बटाटा पिकविला, वेताच्या खुर्च्या नि टोपल्या विणल्या. १८६४ साली तो तुरुंग मोडला. कैदी गेले, पण बटाट्याचे पीक, वेतकाम आणि धबधब्याचे नाव मागे राहिले. आणि तिकडे सिंगापुरात? तेथले सेंट अँड्र्यूजचे मोठे देऊळ, रस्ते, पूल हे आपल्या हिंदी कैद्यांनी बांधले. इकडची माणसे तिकडे राबली, तिकडची इकडे. दोन्हीकडच्या इमारतींवर आणि बागांवर नाव साहेबाचेच लागले.

मुंबईत माझगावला नवाब टँक रोडवर १९१९ साली बांधलेले एक चिनी देऊळ आहे. गोदीच्या आधाराने राहिलेल्या चिनी खलाशांचा आणि कारागिरांचा तो आसरा होता. अँटॉप हिलला त्यांची दफनभूमीही आहे. आपल्या धुळ्याच्या गल्लीतसुद्धा माझ्या लहानपणी एक चिनी फेरीवाला येत असे. सायकलवर रेशमी कापडाचा गठ्ठा आणि हातात लोखंडी गज. ओट्यावर गठ्ठा सोडला की साऱ्या आळीच्या बाया जमत. “दादा, हा रंग धुतल्यावर जाईल का हो?” असे माझी मावशी विचारी, आणि तो तोडक्या हिंदीत म्हणे, “नही जायेगा, बहेनजी.” घेणे थोडे आणि घासाघीस फार, पण तो कधी चिडला नाही.

मग १९६२ साल उजाडले. २० ऑक्टोबरला चीनने आक्रमण केले आणि २१ नोव्हेंबरला लढाई थांबली. मी तेव्हा शाळेत होते. घरोघरी लोकरीचे मोजे आणि स्वेटर विणणे चालू होते, बायकांनी अंगावरचे सोने संरक्षण निधीला दिले. तो अभिमानाचा प्रसंग होता आणि त्याचा अभिमान आजही वाटतो. परंतु त्याच दिवसांत आसाम, दार्जिलिंग, शिलाँग येथून सुमारे ३००० चिनी वंशाच्या लोकांना बायकामुलांसह उचलून आगगाडीने राजस्थानातील देवळीच्या छावणीत नेऊन ठेवले. त्यांच्यातले कित्येक येथेच जन्मले होते. चहाच्या मळ्यांवरच्या चिनी कारागिरांचे वंशज त्यांत होते. त्यांच्या पूर्वजांना १८३० नंतर इंग्रजांनीच चहा करण्याचे शिकविण्यासाठी आणले होते. कोणाची भर शाळेतून उचल झाली, कोणाचे दुकान लिलावात गेले. शेवटचे लोक सुटले ते १९६७ साली. ज्यांचा गुन्हा कोणत्याही न्यायालयात सिद्ध झाला नव्हता, त्यांनी पाच-पाच वर्षे तारेच्या कुंपणाआड काढली. आमच्या गल्लीतला तो रेशीमवाला १९६२ नंतर आला नाही.

सीमेवर लढणारा शत्रू आणि गल्लीत कापड विकणारा शेजारी यांच्यात भेद असतो. जवान तो भेद ओळखतो, कारण त्याच्या समोर बंदूक असते. घरात बसलेल्यांना तो ओळखायला विवेक लागतो. अच्यूला जमीन देताना सरकारने त्याचे कसब पाहिले आणि त्याच्या जातभाईंना देवळीला पाठविताना चेहरा पाहिला. यात इंग्रज आणि स्वकीय हा फरक सांगून आपली सुटका होत नाही.

आता ज्या कारणासाठी हा लेख लिहायला घेतला, तेथे येते. साखरेने माणसाला करारात बांधण्याची गोष्ट अछिपूरला संपली नाही. वेस्ट इंडीजमध्ये तर ती उघड गुलामगिरीच होती. आफ्रिकेतून धरून आणलेल्या माणसांच्या कष्टांवर इंग्लंडातल्या चहात साखर पडत होती. ज्या काळात अछिपूरचा कारखाना डबघाईला आला होता, त्याच काळात म्हणजे १७९१ पासून इंग्लंडातल्या हजारो घरांत गुलामांच्या साखरेवर बहिष्कार घातला गेला. हा बहिष्कार चालविला तो मुख्यतः बायकांनी, कारण स्वयंपाकघर त्यांच्या ताब्यात होते. त्यांना मताचा अधिकार नव्हता, पार्लमेंटात जागा नव्हती. पण डब्यात कोणती साखर भरायची हे त्या ठरवू शकत होत्या. ‘ही साखर हिंदुस्थानची आहे, गुलामांनी केलेली नाही’ अशा अर्थाचा मजकूर लिहिलेली साखरदाणी त्या पाहुण्यांपुढे मांडीत. १८२४ साली एलिझाबेथ हेरिक या बाईने गुलामगिरी हळूहळू नव्हे, ताबडतोब बंद करा, असे पत्रक काढले, तेव्हा मोठमोठे पुढारीही बिचकले होते. १८३३ साली कायदा झाला. आणि गुलाम सुटताच साखरेच्या मळेवाल्यांनी मॉरिशससाठी हिंदुस्थानातून गिरमिटावर मजूर नेले. त्यांत आपले मराठी लोकही होते. त्यांचे वंशज आजही तेथे गणपती बसवितात. त्या मजुरांनी मळा सोडला तर तो गुन्हाच ठरे. अच्यूच्या वेळची नोटीस नवा सदरा घालून समुद्रापार गेली.

आणि आज? आपल्या महाराष्ट्रात प्रवरानगरला १९५० साली शेतकऱ्यांचा सहकारी साखर कारखाना सुरू झाला आणि सहकाराने खेडी उभी राहिली. आपल्या शहाद्याकडेही कारखाना झाला, ऊस वाढला. ही गोष्ट मोठीच आहे. पण दिवाळी झाली की नंदुरबार-धुळ्याच्या डोंगरपट्ट्यातून, चाळीसगावच्या भागातून ट्रक भरून माणसे निघतात. कोणी पश्चिम महाराष्ट्रात, कोणी गुजरातेत बारडोलीकडे जातात. मुकादमाने उचल दिलेली असते. नवरा आणि बायको मिळून एक ‘कोयता’ धरतात. नावे दोन, श्रम दोघांचे. पण हिशेबात कोयता एक. पोर पाठीशी, पोटुशी बाई उसाच्या फडात, मुक्काम पालाच्या खोपीत. उचल फिटली नाही तर पुढच्या वर्षी पुन्हा जावे लागते. मध्येच कोणी निघून आले तर गावात म्हणतात, “उचल घेऊन पळाला.” हे वाक्य ऐकले की मला १७८१ ची ती नोटीस आठवते. सव्वादोनशेहून अधिक वर्षे लोटली. पळणाऱ्याला नाव ठेवण्याची रीत तीच आहे. तो का पळाला हे विचारण्याची रीत अजून पडायची आहे.

खानदेशाला परमुलखात राबणे नवे नाही. आपल्या कित्येक घरांतली माणसे सुरतेला लूमवर आहेत. उधना-लिंबायतकडे गेलो तर अहिराणी ऐकू येते. माझा सख्खा भाचा तेथेच वाढला. गुजराती शेजारणीने त्याच्या आईचे बाळंतपण काढले. परक्या गावात ज्याला अशी शेजारीण मिळते त्याचे नशीब थोर. आणि आपल्या जळगावात, धुळ्यात, औद्योगिक वसाहतीत बिहार-उत्तर प्रदेशची पोरे खोल्या करून राहतात. त्यांच्या दृष्टीने परके गाव आपले आहे आणि शेजारीण आपण आहोत.

इंग्लंडातल्या त्या बायांनी साखरदाणी पुढे करून प्रश्न विचारला होता: ही साखर कोणाच्या हातची? आपले मंडळ हळदीकुंकू करते, वाण लुटते. कोजागिरी झाली की तोडणीच्या टोळ्या निघण्याची वेळ येते. त्या सुमारास प्रत्येकीने एक धडके पांघरूण आणि एक लहान मुलाचा स्वेटर मंडळात आणून द्यावा, तो आपण टोळ्या ज्या नाक्यावर ट्रकमध्ये चढतात तेथे जाऊन पोचवावा. जेथे पोरे मागे आजीजवळ राहतात, तेथल्या शाळेत जाऊन त्यांची हजेरी विचारावी. आणि जाताना त्या बायांची नावे विचारून लिहून घ्यावीत. चैत्रात त्या परत येतील, तेव्हा नावाने हाक मारायला बरे. उचलीच्या वहीत नवऱ्याचे नाव असते, कारखान्याच्या वहीत मुकादमाचे. आपल्या वहीत त्यांचे असावे.

संक्रांतीला हलवा करताना काटा चढायला फार वेळ लागतो, हे आपण सगळ्या जाणतो. घाई केली तर पाक चिकटतो आणि दाणा दाण्याला धरून बसतो. मंद शेगडीवर, हाताने सारखे हलवीत, एकेक चमचा पाक सोडीत बसावे लागते. या कामालाही तसाच वेळ लागणार आहे. या कोजागिरीला सुरुवात करू. नावे लिहायची वही मी आणीन.